तेराव्या गुणसूत्रावरचा हरवलेला तुकडा आणि मिर-१६ मोजण्याची कटकट

क्रॉनिक लिंफोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. या रुग्णांच्या फिश रिपोर्टमध्ये (चमकत्या रंगांनी गुणसूत्रांतली तूटफूट दाखवणारी तपासणी) सगळ्यात जास्त वेळा दिसणारी ओळ एकच: १३क्यू१४ डिलीशन. तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरचा एक तुकडा गायब. २००० साली जर्मनीतल्या गटाने ३२५ रुग्ण तपासले, तेव्हा ५५ टक्क्यांत तो नव्हता. इतक्या जणांत एकच जागा तुटते, म्हणजे तिथे पेशीला आवरणारं काहीतरी असणार, हे उघड होतं. सगळं नव्वदचं दशक त्या जनुकाच्या शोधात गेलं. हद्दीतली प्रथिनं बनवणारी जनुकं तपासून झाली, पण उरलेल्या प्रतीत बिघाड काही सापडेना.

कारण शोध प्रथिनाचा चालला होता. २००२ मध्ये फिलाडेल्फियातल्या थॉमस जेफरसन विद्यापीठात जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने तुटीची हद्द डीएनएच्या सुमारे ३० हजार अक्षरांपर्यंत आवळत आणली. आत मिळाले दोन मायक्रोआरएनए (प्रथिन न बनवता इतर जनुकांना दाबणारे छोटे आरएनए, थोडक्यात ‘मिर’), मिर-१५ए आणि मिर-१६-१ (त्यातून बनतो तो मिर-१६). दोन्ही डीएलईयू२ नावाच्या लांबलचक आरएनएच्या पोटात बसलेले, आणि त्या आरएनएपासूनही प्रथिन बनत नाही. तपासलेल्या सुमारे ६८ टक्के रुग्णांत हे दोघे कमी होते किंवा नव्हतेच. मायक्रोआरएनए आणि कर्करोग यांचा हा पहिला ठोस संबंध.

हे दोघे करतात काय? लांब आरएनएतून ड्रोशा हे एन्झाइम साधारण ७० अक्षरांची केसपिनसारखी घडी कापून काढतं. ती केंद्रकाबाहेर येते, तिथे डायसर तिचा २२ अक्षरांचा तुकडा करतं आणि तो तुकडा आर्गोनॉट प्रथिनात जाऊन बसतो. पुढे निशाण्याच्या एमआरएनएवर (प्रथिनाचा आराखडा नेणारा आरएनए) तो चिकटतो तो मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षराच्या जोरावर. मिर-१५ए आणि मिर-१६ यांची पहिली ९ अक्षरं हुबेहूब सारखी आहेत: यू-ए-जी-सी-ए-जी-सी-ए-सी. म्हणून दोघांचे निशाणेही बरेचसे सामाईक.

त्यातला गाजलेला निशाणा बीसीएल२, पेशीला मरू न देणारं प्रथिन. दुसऱ्या एका लिंफोमात १४ आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन बीसीएल२ वाढतं. सीएलएलमध्ये सहसा तशी अदलाबदल नसते, तरी बीसीएल२ भरपूर. २००५ मध्ये दाखवलं गेलं की मिर-१५ए आणि मिर-१६ बीसीएल२ला दाबतात. ते गेले की दाब सुटतो. इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते आणि भाषणांत ती इथेच संपवतात. पण १३क्यू१४ शाबूत असलेल्या रुग्णांतही बीसीएल२ चढलेलंच असतं. काहींत तुकडा जागेवर असतो, पण हिस्टोन-डीअॅसिटिलेज एन्झाइमांमुळे तो भाग गप्प बसवलेला असतो. बीसीएल२च्या स्वतःच्या नियंत्रणातही बदल असतात. शिवाय मिर-१६ सायक्लिन डी१, डी३ आणि सीडीके६ यांनाही आवरतो. म्हणजे तुटीमुळे पेशी मरायची टळते आणि विभाजनालाही मोकळी होते. व्हेनेटोक्लॅक्स हे बीसीएल२ रोखणारं औषध १३क्यू१४ डिलीशन असो वा नसो, दोन्हीकडे चालतं. त्यामुळे ‘मिर-१६ गेला म्हणून हे औषध’ असा थेट धागा काढू नये.

कार्यकारणाचा खरा पुरावा उंदरांनी दिला. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने एका गटातल्या उंदरांत फक्त दोन मायक्रोआरएनए काढले, दुसऱ्यात डीएलईयू२सह मोठा तुकडा. दोन्हींत बी-पेशी वाढल्या, काहींना उतारवयात सीएलएलसारखा आजार झाला. मोठा तुकडा गेलेल्यांत तो जास्त आक्रमक होता. म्हणजे त्या हद्दीत या दोघांखेरीज आणखीही काही दडलेलं आहे.

आता एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. रोगाची सुरुवात करून देणारी ही तूट एकटीच असेल, तर रुग्णाचं भवितव्य सगळ्यात चांगलं. त्याच जर्मन अभ्यासात अशा रुग्णांचं मध्यक आयुष्य १३३ महिने होतं, १७पी (सतराव्या गुणसूत्राचा आखूड बाहू) तुटलेल्यांचं ३२. आकडे जुन्या औषधांच्या काळातले आहेत, पण क्रम बोलका आहे. आजार न झालेल्या, रक्तात थोड्याच एकसारख्या बी-पेशी असलेल्या माणसांतही ही तूट सापडते. ती दार उघडून देते, घर लुटायला आणखी कोणीतरी यावं लागतं.

मिर-१६ मोजायला मात्र महा कटकटीचा, आणि कित्येक निष्कर्ष इथेच वाकडे होतात.

पहिली गोम प्रतींची. मिर-१६ची दुसरी प्रत तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, मिर-१५बीच्या शेजारी. दोन्ही जागांहून तयार होणारा पक्का मिर-१६ अक्षरशः एकच. म्हणजे तेराव्या गुणसूत्रावरच्या दोन्ही प्रती गेल्या तरी मिर-१६ शून्य होणार नाही. हिशोब करून बघा. चारही प्रती सारखंच उत्पादन करतात असं धरू. बहुसंख्य रुग्णांत तेराव्यावरची एकच प्रत जाते, म्हणजे उत्पादन ७५ टक्के. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे नक्कल चक्राचक्राने दुप्पट करत मोजण्याच्या पद्धतीत, हा फरक साधारण ०.४ सीटी भरतो (हा सीटी म्हणजे सायकल थ्रेशोल्ड, ठरावीक पातळी गाठायला लागणारी चक्रं; स्कॅनवाला नव्हे). नमुन्यात २० टक्के निरोगी पेशी मिसळलेल्या असतील तर तो ०.३ वर येतो. तीन समांतर नळ्यांत एवढा फरक नुसत्या पिपेटच्या हाताने पडतो. म्हणून फक्त मिर-१६ बघून थांबू नये, मिर-१५ए मोजावा. तो तेराव्यावरूनच येतो. मिर-१५बी त्याचा जवळचा भाऊ खरा, पण शेवटची तीन अक्षरं वेगळी आहेत, एकाची जी-यू-जी, दुसऱ्याची ए-सी-ए. नक्कल सुरू करून देणारा स्टेम-लूप प्रायमर नेमका शेवटालाच चिकटतो, त्यामुळे दोघांत फरक करता येतो. जोडीला डीएलईयू२ मोजला तर उत्तमच.

दुसरी गोम तुलनेची. रुग्णाच्या ५ मिली रक्तात, लिंफोसाइट मायक्रोलिटरला ५०,००० असतील तर, २५ कोटी पेशी मिळतात. निरोगी माणसाच्या तेवढ्याच रक्तात बी-पेशी जेमतेम १० लाख. पेशी कमी असल्या की आरएनए काढायच्या फेनॉल-ग्वानिडिनच्या पद्धतीत जी आणि सी कमी असलेले काही छोटे आरएनए निवडकपणे वाया जातात. मग दिसणारा फरक रोगाचा की पेशींच्या संख्येचा, कळत नाही. दोन्हीकडून सीडी१९ (बी-पेशींवरची खूण) पकडणाऱ्या चुंबकीय मण्यांनी बी-पेशी वेगळ्या कराव्यात, शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर आहे हे फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी तपासणारं यंत्र) बघावं आणि दोन्हीकडून मोजून १०-१० लाखच घ्याव्यात. रुग्णाच्या बी-पेशींची तुलना निरोगी माणसाच्या अख्ख्या रक्ताशी करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

तिसरी गोम नळीची. गुणसूत्र तपासणीसाठी रक्त हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन नळीत येतं आणि उरलेला नमुना ‘वाया कशाला घालवा’ म्हणून आरएनएसाठी वापरला जातो. हेपॅरिन आरएनएबरोबर घसरत येतं आणि आरएनएची डीएनएत नक्कल करणाऱ्या आणि ती वाढवणाऱ्या, अशा पुढच्या दोन्ही एन्झाइमांना अडवतं. मग सीटी उशिरा येतो आणि ‘मिर-१५ए कमी’ असा शोध लागतो. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळीच घ्यावी. हेपॅरिनशिवाय इलाज नसेल तर हेपॅरिनेज एन्झाइमची प्रक्रिया करावी.

आरएनए वेगळा करायला कॉलम वापरताना इथेनॉलचं प्रमाण पाळा. नेहमीच्या पद्धतीत ७० टक्के इथेनॉल समप्रमाणात घालतात, त्यात २०० अक्षरांखालचे आरएनए कॉलमवर थांबतच नाहीत. छोट्यांसाठी शुद्ध इथेनॉल दीडपट घालायचं. आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे हे सांगणारा) आकडा चांगला आला म्हणून खूश होऊ नका. तो १८एस आणि २८एस हे मोठे आरएनए बघून निघतो, २२ अक्षरांच्या तुकड्यांबद्दल काही सांगत नाही. पुढे डीएनएत नक्कल करायला १० नॅनोग्रॅम आरएनए, १५ मायक्रोलिटरची प्रक्रिया, १६ अंशांवर ३० मिनिटं, ४२ वर ३०, ८५ वर ५. पहिला टप्पा घाईत गाळला तर आखूड प्रायमर चिकटायला वेळच मिळत नाही.

आणि सगळ्यात विनोदी चूक: प्लाझ्मातल्या मायक्रोआरएनएंच्या अभ्यासात स्थिर मापदंड म्हणून बऱ्याचदा मिर-१६च घेतला जातो. सीएलएलमध्ये हा ज्याच्यावर संशय त्यालाच पंच नेमण्याचा प्रकार. शिवाय लाल पेशी मिर-१६ने भरलेल्या असतात, त्यामुळे रक्त काढताना थोडं हिमोलिसिस झालं, म्हणजे लाल पेशी फुटल्या, तरी आकडा उडी मारतो. तपासायला मिर-२३एच्या सीटीतून मिर-४५१चा सीटी वजा करा. ५च्या आत असेल तर नमुना ठीक, ७च्या वर गेला तर तो बाजूला ठेवा. पेशींच्या नमुन्यात मापदंड म्हणून आरएनयू४८ हा छोटा आरएनए बरा. आरएनयू४४ मात्र गॅस५ या, पेशीच्या वाढीबरोबर बदलणाऱ्या लांब आरएनएच्या पोटातून येतो. एकावर विसंबू नका, निदान दोन ठेवा.

बाकीच्या ल्युकेमियांत चित्र इतकं स्वच्छ नाही. मिर-१५५ बी-पेशींत जास्त बनवला तर उंदरांना ल्युकेमिया किंवा लिंफोमा होतो, हे २००६ मध्ये दिसलं. एएमएलमधलं (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) एएमएल१-ईटीओ हे जोडप्रथिन मिर-२२३चं जनुक बंद करतं आणि पेशी अर्धवट वयातच अडकते. टी-पेशींच्या एएलएलमध्ये (अक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया) नॉच या प्रथिनाच्या हुकमाने चालणारा लुनार१ हा लांब आरएनए आहे. पण ‘अमुक लांब आरएनए स्पंजसारखा तमुक मिर शोषून घेतो’ अशा दाव्यांकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघतो. लांब आरएनएच्या प्रती पेशीत बऱ्याचदा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि नेहमीच्या मिरच्या हजारो. प्रतींचा आकडा दिलेला नसेल तर तो स्पंज कसला? नुसतं पाणी पुसायला फडकं.

उपचाराकडे वळलं तर गेलेला मिर बाहेरून परत द्यावा ही कल्पना साधी वाटते. मिर-३४एचं कृत्रिम रूप असलेल्या एमआरएक्स३४ या औषधाची चाचणी २०१६ मध्ये गंभीर प्रतिकारक प्रतिक्रियांमुळे थांबवावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत व्हेनेटोक्लॅक्सला मान्यता मिळाली, १७पी तुटलेल्या सीएलएलसाठी. ते २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ५०, १००, २०० करत ४०० वर नेतात, कारण एकदम पूर्ण डोस दिला तर इतक्या पेशी एकाच वेळी फुटतात की पोटॅशियम आणि युरिक अॅसिड मूत्रपिंडांना झेपत नाही.