आमची वाटचाल: सांगलीचा बिनअंड्याचा मेयो

सांगलीत मेयो कोण खाणार, असं आम्हाला सुरुवातीला बँकेतल्या साहेबांपासून सासऱ्यांच्या कट्ट्यावरच्या मित्रांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. आता गंमत अशी की तेव्हाही विश्रामबागेत कॉलेजच्या बाजूला संध्याकाळी जेवढ्या सँडविचच्या गाड्या लागायच्या त्या सगळ्यांवर मेयोचा पाउच असायचाच, फक्त तो उत्तरेकडच्या फॅक्टरीतनं यायचा आणि गाडेवाल्याला एक-दोन पाउच कमी पडले तर डीलर दाद देत नव्हता. म्हणजे खाणारे होते, बनवणारं जवळपास कुणी नव्हतं.

आम्ही दोघी जावा. मोठ्या जाऊबाईंना मी ताई म्हणते, त्यांचा हिशोब पक्का आणि उधारीच्या बाबतीत मन एकदम घट्ट, आणि मी फूड टेक्नॉलॉजी करून लग्नाआधी पुण्याजवळ एका सॉसच्या कंपनीत क्वालिटीला होते. २०१८ ला घरूनच सुरुवात केली, फूड सेफ्टीचं साधं रजिस्ट्रेशन काढलं (तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या धंद्याला तेवढं पुरायचं) आणि घरच्या ओट्यावर हँड ब्लेंडरनं दुधाचा मेयो करायला लागलो.

अंड्याचा का नाही असं पुण्या-मुंबईचे लोक फार विचारतात. अहो, आमचा पट्टा बघा ना. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, सगळीकडे जैन वस्ती भरपूर. अंडं तर नाहीच, लसूण पण चालत नाही, आणि गाडीवर दहा गिऱ्हाइकं उभी असली तर त्यातल्या तिघांना चालत नाही म्हणून गाडेवाला दोन-दोन बाटल्या सांभाळत बसत नाही, तो सरळ सगळ्यांना चालेल असा एकच मेयो घेतो. धंद्याचं गणित तिथंच ठरलं, त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, घरी आम्ही अंडी खातो.

आता हा पदार्थ मुळात काय आहे ते दोन ओळीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेलाचे अगदी बारीक थेंब पाण्यात अडकवून ठेवायचे, म्हणजे मेयो. थेंब परत एकत्र आले की तेल सुटलं. अंड्याच्या बलकात लेसिथिन आणि प्रथिनं असतात ती थेंबाभोवती बसतात आणि त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत, दुधात तेच काम दुधाची प्रथिनं करतात, सोयात सोया प्रोटीन करतं. व्हिनेगर आंबट चवीसाठी तर असतंच पण त्याचं खरं काम जंतू वाढू न देणं, म्हणून आम्ही प्रत्येक घाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, बघितल्याशिवाय माल भरत नाही.

दुधाचा मेयो चवीला झकास, पण तो फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसात संपवायचा माल. गाडीवर एप्रिलच्या उन्हात बाटली तव्याशेजारी उभी असते, तिथं त्याचं काम नाही. मग सोया प्रोटीन, स्टार्च, घट्टपणा आणणारा झँथन गम असं करत रेसिपी बसवली, आणि ती बसवली म्हणण्यापेक्षा गाडेवाल्यांनी बसवून घेतली. विश्रामबागेतले एक काका होते, ते टोस्टर उघडून दाखवायचे, "ओ वहिनी, पातळ नको, हे बघा सगळं कडंनं गळतंय, ब्रेड ओला होतोय." मोमोवाल्याचं बरोब्बर उलटं, त्याला चटणीसारखा पातळ पाहिजे, घट्ट दिला की तोच पाणी घालणार आणि मग आंबटपणा पातळ होऊन माल लवकर खराब होणार. म्हणून पहिल्या वर्षातच एकाचे दोन प्रकार झाले, ग्रिलवर टिकणारा आणि डिपचा.

गोडाचं तर विचारू नका. सांगलीत आणि जयसिंगपूरला थोडा गोडसर चालतो. कोल्हापुरात तोच पाउच नेला तर "हे काय पांचट, श्रीखंड आहे का?" तिथं साखर कमी, मोहरी जास्त, मिरी जास्त. पन्नास किलोमीटरच्या आत ही तऱ्हा. पुण्यातले कॅफेवाले वेगळेच, त्यांना जपानी पद्धतीचा पाहिजे असतो.

त्यामुळे 'खरा मेयो' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. आमचा भाचा आइंडहोवनला असतो, तो पहिल्यांदा आमचा पाउच चाखून म्हणाला, मामी हा मेयो नाहीच. बरोबर आहे त्याचं, नेदरलँड्समध्ये मेयो म्हणून विकायचा तर त्यात किमान ७० टक्के तेल लागतं, शेजारी बेल्जियममध्ये तर १९५५ च्या नियमानुसार ८० टक्के तेल आणि साडेसात टक्के बलक. पण मी त्याला विचारलं, तू तिथं फ्राइजवर काय घेतोस, तर जो सांगितला तो फ्राइजसाठीचा वेगळा सॉस निघाला, तेल बरंच कमी आणि चवीला गोड, म्हणजे आमच्या सांगलीच्या मालाचा सख्खा भाऊ! अमेरिकेत ६५ टक्के तेल आणि अंड्याचा बलक लागतोच, तेवढं नसेल तर बाटलीवर मेयो लिहिता येत नाही. १९३३ साली क्राफ्टनं मिरॅकल व्हिप काढला तो सॅलड ड्रेसिंग म्हणून, आणि एका कंपनीनं बिनअंड्याच्या मालाला 'जस्ट मेयो' नाव दिलं तर २०१४ मध्ये हेलमन्स नावाचा मेयो विकणाऱ्या युनिलिव्हरनं केस घातली, आणि थोड्याच दिवसात परत घेतली, कारण लोकांच्यात त्यांचंच हसं झालं. तिथं दक्षिणेतले लोक ड्यूक्सशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत म्हणे, साउथ कॅरोलायनातल्या युजेनिया ड्यूक नावाच्या बाईंनी शंभर वर्षांपूर्वी सँडविच विकता विकता सुरू केलेला ब्रँड, त्यात साखर अजिबात नाही. ताईंना ही गोष्ट फार आवडते, मशीनला कुंकू लावताना सुद्धा त्या ड्यूकबाईंची आठवण काढतात.

जपानचं मात्र मी मनापासून मानते. क्यूपी हा तिथला मेयोचा ब्रँड १९२५ पासून आहे, त्यात पूर्ण अंडं नाही, नुसता बलक, तांदळाच्या व्हिनेगरसारखी सौम्य आंबट चव आणि वर अजिनोमोटो, त्यामुळे तो चमच्यानं नुसता खावासा वाटतो. ओकोनोमियाकी म्हणून कोबी घातलेलं त्यांचं धिरडं असतं त्यावर बारीक रेघा मारतात. त्या रेघा मारता याव्यात अशी मऊ पिळायची बाटली त्यांनी १९५८ लाच आणली. आम्ही गाडेवाल्यांना पाउचबरोबर तसली रिकामी बाटली फुकट द्यायला लागलो तेव्हा खप चांगलाच वाढला. कारण साधं आहे, चमच्यानं लावला तर ब्रेडवर एका जागी ढीग होतो, बाटलीनं हात भरभर चालतो आणि गर्दीच्या वेळी गाडेवाल्याला तेच पाहिजे असतं.

२०२० चा मार्च आला आणि गाड्या, कॉलेज, कॅफे सगळं एका रात्रीत बंद. आमचे सगळे गिऱ्हाईक रस्त्यावरचे, त्यामुळे ऑर्डर शून्य. तेव्हा ताईंनी सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, पोरं घरी आहेत, सँडविच करून द्या, पाव किलोचा पाउच दारात आणून देऊ. ते चाललं. पण त्याबरोबर बायकांचे फोन सुरू झाले, घरी कसा करायचा सांगा. धाकट्या दिरांना हे पटलं नव्हतं, म्हणाले आपलीच रेसिपी वाटताय. मी म्हणलं वाटू दे की, घरी एकदा करून बघितलेली बाई रोज करत बसत नाही, पण चांगला कुठला ते तिला कळायला लागतं.

तर अजूनही विचारतात म्हणून इथंच लिहिते. अर्धी वाटी फ्रिजमधलं गार दूध, एक वाटी रिफाइंड तेल, पाव चमचा मोहरीची पूड, मीठ, चिमूटभर साखर. उंच अरुंद भांडं घ्या, हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करा आणि हलवू नका, खालून पांढरं वर येताना दिसतं, मग सावकाश वर उचला. लिंबू किंवा व्हिनेगर एकदम शेवटी, ते पडलं की दुधातली प्रथिनं धरतात आणि मेयो डोळ्यादेखत घट्ट होतो. मिक्सरमध्ये करायचा तर तेल धारेनं, आणि भांडं गरम व्हायला लागलं की थांबा. घाण्याचं शेंगतेल वापरू नका, वास मेयोभर होतो आणि फ्रिजमध्ये ते दाटून नंतर सुटतं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल ब्लेंडरमध्ये कडू होतं, त्याच्यात पैसे घालू नका. आणि फ्रीझरमध्ये तर कुठलाच मेयो ठेवू नका, आमचा पण नाही, बर्फाच्या कणांनी सगळं फाटतं. ज्यांना एवढं तेल नको त्यांनी सरळ चक्का घ्यावा, घट्ट बांधलेला, त्यात मोहरी, मिरी आणि दोन चमचे तेल. त्याला मेयो म्हणा नका म्हणू, काकडीच्या सँडविचला मला तोच आवडतो.

लॉकडाउन उठल्यावर छोट्या खाद्य उद्योगांसाठीच्या सरकारी पीएमएफएमई योजनेत अर्ज केला, ३५ टक्के सबसिडी होती त्यात, कागदांसाठी हेलपाटे भरपूर झाले पण झालं काम, आणि कुपवाड एमआयडीसीत छोटा गाळा भाड्यानं घेऊन कोलॉइड मिल, म्हणजे माल एकदम बारीक घोटणारं मशीन, बसवली. तिच्यातनं निघालेल्या मालात तेलाचे थेंब इतके बारीक होतात की रंगच बदलतो, पिवळट माल पांढराशुभ्र दिसायला लागतो. ब्लीच घातलंय का, असं एका बेकरीवाल्यांनी विचारलं होतं.

मग २०२२. युक्रेनची लढाई लागली, सूर्यफूल तेल जास्त करून तिकडनं यायचं, त्यात एप्रिलअखेरीस इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, आणि आमचा निम्मा कच्चा माल म्हणजे तेलच. सगळ्या तेलांचे भाव एकदम चढले. बाजारात त्या काळात काय झालं तर पाउच तोच, भाव तोच, आतलं तेल हळूच कमी आणि स्टार्चचं पाणी जास्त. खाणाऱ्याला कळत नाही असं नाही, टाळूला चिकट खळ लागते. आम्ही दोन माल वेगळे केले, एक जुना आणि एक कमी तेलाचा स्वस्त, आणि दोन्हीवर तेलाचे टक्के समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापले. बरेच बर्गरवाले स्वस्ताकडे गेले, जाऊ देत, त्यांना काय घेतोय ते माहीत होतं. सप्टेंबर २०२४ ला तेलावरची आयात ड्युटी वाढली तेव्हा परत तीच वेळ आली, पण तेव्हा दोन माल तयारच होते, तेवढा त्रास झाला नाही. आणि सप्टेंबर २०२५ ला जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो फरक ताईंनी त्याच दिवसापासून भावात कमी केला, मी म्हणत होते थोडं थांबू.

अंड्याचा मेयो करा असा आग्रह सगळ्यात जास्त गोव्यातनं झाला. पणजीजवळचे एक केटरर आहेत, ख्रिश्चन लग्नांत रशियन सॅलड लागतंच, बटाटा, गाजर, मटार बारीक चौकोनी कापून मेयोत कालवलेलं (रशियात हेच ऑलिव्हिए म्हणून नव्या वर्षाच्या रात्री घरोघरी असतं), आणि त्यांचं म्हणणं बिनअंड्याच्या मेयोत त्याला ती जडशीळ चव येत नाही. खरंय ते. पण अंडं आलं की पाकिटावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण आला, मशीन वेगळी, गाळा वेगळा, आणि जयसिंगपूरचा गिऱ्हाईक नुसतं ऐकून तुटला असता. शिवाय कच्च्या अंड्याची भीती खोटी नाही. जानेवारी २०२३ ला केरळनं कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली, ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादेत मोमो खाऊन विषबाधा झाली त्यानंतर तेलंगणानं वर्षभरासाठी घातली, एप्रिल २०२५ ला तमिळनाडूनं. पाश्चराइज्ड अंड्याचा करता येतो, चांगला होतो, फक्त तो आमच्या गाळ्यात होणार नाही. केटररसाहेबांना आता आम्ही जास्त तेलाचा, कमी गोड, मोहरी चढवलेला खास घाणा करून देतो. ते घेतात आणि दर वेळी तक्रार करून घेतात.

सध्या डोकं खातोय तो खर्डा मेयो. कोल्हापूरची मागणी आहे आणि कल्पना ऐकायला सोपी वाटते, हिरवी मिरची-लसणाचा खर्डा मेयोत घालायचा. पण कच्ची मिरची आणि लसूण म्हणजे पाणी आणि जंतू दोन्ही आत, तेलात बुडालेला लसूण तर फारच जपायला लागतो, म्हणून आधी मिरची-लसूण वाफवून व्हिनेगरात मुरवून घेतो. तिथवर जमलं. रंग मात्र जमेना, आंबटात हिरवा रंग टिकत नाही, आठवड्यात खाकी होतो आणि खाकी खर्डा कोल्हापुरात कोण घेणार. हिरवा रंग घालायला ताईंचा ठाम नकार आहे. त्यामुळे आता वाळल्या लाल मिरचीचा करून दोन गाड्यांवर सॅम्पल ठेवलंय. रंकाळ्याजवळचा म्हणतोय तिखट कमी आहे, शाहूपुरीतला म्हणतोय तिखट ठीक पण शेंगदाण्याचा कूट कुठंय. कूट घातला तर पाकिटावर शेंगदाण्याची सूचना छापायला लागते आणि तेलाचा हिशोब परत पहिल्यापासून, पण शाहूपुरीवाला महिन्याला रंकाळ्याच्या दुप्पट माल उचलतो, त्यामुळे येत्या सोमवारचा घाणा कूट घालूनच निघणार.