मांजर आणि पिसोरी: एकाच वजनाचे दोन जीव

खानापूरच्या रानातला खूरवाला प्राणी म्हटले की आमच्या बेळगाव भागात गवाच आठवतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पाहुण्यांनी भातात शिरलेल्या गव्यांबद्दल केलेल्या तक्रारी ऐकल्यावर त्यात नवलही वाटत नाही. तरीही घरातल्या मांजराशी तुलना करण्यासाठी मला पिसोरीच योग्य वाटते. भीमगड अभयारण्याच्या परिसरात आढळणारे हे हरणासारखे, बिनशिंगांचे जनावर पूर्ण वाढले तरी साधारण तीन किलोंचेच भरते, म्हणजे आमच्या मनीएवढेच.

वजन सारखे असले तरी शरीराची घडण मात्र उलट आहे. मनीचे दात मांस कापण्यासाठी, आतडे आखूड, आणि गोडाची चव ओळखणारे जनुक तर मार्जारकुळात निकामीच झालेले. म्हणून बांगडा माशांची पिशवी उघडण्याआधीच हजर होणारी मनी केळ्याची फोड नुसती हुंगून निघून जाते. पिसोरी मात्र रात्री झाडाखाली पडलेली फळे आणि कोवळा पाला खाते व रवंथ करते, पण तिच्या जठरात गायीसारखे चार पूर्ण कप्पे नसतात, तीनच नीट विकसित झालेले असतात. नराच्या वरच्या जबड्यातले सुळे बाहेर डोकावतात, मात्र ते शिकारीसाठी नसून दुसऱ्या नराशी झुंजण्यासाठी असतात.

पायांचेही तसेच. मांजराची नखे आत ओढलेली राहतात, त्यामुळे ते गादीवर चालल्यासारखे बिनआवाज सरकते. पिसोरीचे काटकुळे पाय छोट्या खुरांवर उभे असतात, आणि धोका जाणवला की अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्या-पट्ट्यांच्या भरवशावर ती प्रथम जागीच थिजते.

सर्वांत मोठा फरक पिलांत दिसतो. मांजर सुमारे नऊ आठवड्यांत तीन-चार आंधळी पिले घालते. पिसोरीला जवळजवळ पाच महिने लागतात, पण एखाद-दुसरेच होणारे पिलू डोळे उघडे घेऊनच जन्मते आणि लवकरच पायांवर उभे राहते. आई त्याला झुडपात लपवून चरायला जाते व दूध पाजायला परत येते. म्हणूनच रानालगत राहणाऱ्यांना माझी विनंती आहे की असे एकटे पिलू दिसल्यास ते अनाथ समजून घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पिसोरीचा समावेश असल्यामुळे तिला पाळणे गुन्हा आहेच. शिवाय मांजराच्या पिलासारखे ते बशीतल्या दुधावर वाढवता येईल, ही समजूतही चुकीची आहे.