गोटा वाळत घातला त्या दिवशी

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातल्या ज्या गावाबद्दल मी सांगते आहे, ते खुल्या कोळसा खाणीच्या अगदी काठावर आहे. शेवटच्या घराच्या परसातून मातीचे ढिगारे दिसतात, इतकं काठावर. बचत गटांची सहयोगिनी म्हणून मी नऊ वर्षं तिथे जाते. निम्मं शिवार खाणीत गेलं. दोन एकरामागे एक नोकरी मिळाली, ती एका भावाला. दुसऱ्याच्या हाती पैसा आला आणि तीन-चार वर्षांत लग्नं, मोटारसायकल, घराचा स्लॅब यात संपला. नोकरीवाले आता निवृत्तीला आलेत, त्यांची पोरं कंत्राटदाराचे ट्रक चालवतात. खाण संपल्यावर काय, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. इंग्रजांच्या काळात वरोऱ्याला कोळसा निघाला, त्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, आणि १९०६ साली ती खाण बंदही झाली.

गटातल्या बारा जणींनी या प्रश्नाचं उत्तर आपल्यापुरतं शोधलं. उरलेल्या काळ्या रानात तूर होते. ती कच्चीच व्यापाऱ्याला जायची आणि डाळ होऊन किराणा दुकानातून दुप्पट भावाने घरी परत यायची. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल त्यांनी एका प्रदर्शनात पाहिली, बँकेचं कर्ज काढलं आणि जुन्या गोदामात ती बसवली. हिशेब साधा होता. १०० किलो तुरीमागे ७० किलोच्या वर डाळ, शिवाय चुनी, म्हणजे उरलेला भुगा आणि सालं, गुरांना.

डाळ करणं मात्र साधं नाही. तुरीला मिलमध्ये चरे पाडायचे, तेल चोळून ठेवायची, उन्हात वाळवायची, मग साल काढायची. साल निघालेला अख्खा दाणा म्हणजे गोटा. त्याला पाणी देऊन पुन्हा ऊन दाखवायचं, तेव्हा तो नीट दोन फाकी होतो. सगळा भर उन्हावर.

फेब्रुवारीतली ती सकाळ. चंद्रपूरच्या एका खानावळीची पहिली ऑर्डर होती, दोन क्विंटलची, आणि डाळ संध्याकाळी पोचवायची होती. मिलसमोर ताडपत्र्यांवर गोटा पसरलेला. हळदीसारखा पिवळा. बाया अनवाणी फिरून पायाने तो वरखाली करत होत्या. दुपारी खाणीचा भोंगा झाला, मग ब्लास्टिंगचा हादरा. रोजचंच, म्हणून कुणी मानही वर केली नाही. पण तेवढ्यात वारा फिरला. कोळशाच्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती, तिथली धूळ उठली आणि सरळ आमच्या अंगावर आली. आम्ही ताडपत्रीची टोकं धरून गोटा झाकायला धावलो, तोवर उशीर झाला होता. ओलसर दाण्यावर धूळ बसली की झटकून जात नाही. गटातल्या सगळ्यात वयस्क मावशींनी डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून मूठभर गोटा त्यात चोळला. रुमाल काळा झाला.

कुणी काही बोलेना. मग एकीने सुचवलं, "पाखडून टाकू, फोडल्यावर कोनाले दिसते?" खरं सांगते, माझंही मन तिकडेच गेलं. चार दिवसांवर कर्जाचा पहिला हप्ता होता, आणि पहिलाच हप्ता चुकला तर बँकेत पुन्हा जायला कोणतं तोंड होतं? मी म्हणाले, "बघू, थोडी निवडून घेऊ."

मावशी माझ्याकडे वळल्या. "ताई, हे डाळ तू आपल्या पोराईले चारशील का?"

मी नाही म्हणाले.

"मंग इकाची कशी?"

या मावशींची सहा एकर खाणीत गेली आहे. वीस वर्षं त्यांच्या घरातल्या पाण्याच्या माठावर, अंथरुणावर, कापसाच्या बोंडावर हीच धूळ बसते आहे. ती दुसऱ्याच्या ताटात जाऊ द्यायची नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. अध्यक्षबाईंनी माझ्याच फोनवरून खानावळीच्या मालकांना खरं ते सांगितलं आणि चार दिवस मागितले. ते आधी चिडले. मग म्हणाले, "सांगितलं हे बरं केलं. चार दिवस म्हणजे चारच."

तो गोटा विकला नाही. संध्याकाळी उरलेली कच्ची तूर बैलबंडीत भरून आम्ही नाल्यापलीकडच्या गावाला गेलो. तिथे वारा खाणीच्या उलट बाजूने येतो. एका शेतकऱ्याने आपलं खळं दिलं, भाडं घेतलं नाही. त्या रात्री दोघी जणी तिथेच राखणीला निजल्या. पाचव्या दिवशी डाळ गेली, एक दिवस उशिरा, आणि हप्ता बारा घरांतून वर्गणी काढून भरला.

मावशींनी तो रुमाल धुतला नाही. पुढच्या ग्रामसभेत तो टेबलावर पसरला. खाणींच्या स्वामित्वधनाच्या, म्हणजे रॉयल्टीच्या, प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे पैसा जमा होतो. २०१५ सालच्या कायद्याने बाधित भागासाठीच तो ठेवलाय, आणि त्यातला मोठा वाटा पाणी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण अशा कामांवर खर्चायचा आहे. मी हे बैठकांत अनेकदा वाचून दाखवलं होतं, तेव्हा कुणी प्रश्न विचारला नव्हता. रुमाल पाहिल्यावर मात्र पुरुषही बोलू लागले. बंदिस्त सोलर ड्रायर आणि कोळशाच्या रस्त्यावर रोज पाणी मारणं, या दोन मागण्यांचा ठराव झाला. ठरावाच्या प्रतीसोबत मावशींनी रुमालाचा फोटो लावायला लावला.

रस्त्यावर आता टँकर येतो, रोज नाही. ड्रायरची फाइल दोनदा त्रुटी काढून परत आली, तिसऱ्यांदा गेली आहे. तोवर गोटा नाल्यापलीकडेच वाळतो. यंदा जानेवारीत तिथल्या बायांनी विचारलं, खळं आमचं आहे, राखणही आम्ही करतो, मग गटात आम्हाला घ्याल का? येत्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.