सेकंड हँड जर्मन सेडान घेऊन नागपूर ते लोणार

माझ्या गाडीला अधूनमधून गावाबाहेर पळवून आणावं लागतं. हौसेसाठी नाही, तिच्या तब्येतीसाठी. गाडी बीएस-६ डिझेल, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाचं गाळणं आलंच. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स, तिथून सदर आणि परत घर, एवढ्या फेऱ्यांत ते कधीच गाठलं जात नाही. मग पिवळा दिवा लागतो आणि वर्कशॉपवाल्याचा चेहरा उजळतो. या वेळी दिवा लागायच्या आतच निघालो. लोणार निवडलं, कारण मेहकरपर्यंत समृद्धी महामार्ग आणि त्यापुढे साधा रस्ता, म्हणजे या गाडीचे गुण आणि नखरे एकाच दिवसात बघायला मिळतात.

गाडीचं नाव लिहीत नाही. या वर्गातल्या दोन-तीन जर्मन गाड्यांची दुखणी इतकी सारखी आहेत की नावाने फरक पडत नाही. नवी असताना साठ लाखांच्या पुढची, मला मिळाली ती एका नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात. पुण्याची गाडी, म्हणून अजून एमएच १२. किंमत उतरली ती गाडीची, तिच्या सुट्या भागांची नाही, हे घेणाऱ्याने पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवावं. ऑटोमोटिव्ह चौकाच्या बाजूला माझा एक मेकॅनिक आहे, त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "भाऊ, हे गाडी घ्याले सोपी हाये, पोसाले नाही." मागच्या सीटवर बसणारे बाबा मात्र वेगळं बोलतात. त्यांच्या मते गाडीत बसलं की गुडघे दुखत नाहीत, बाकी हिशेब तुझा तू बघ.

निघण्याआधी सगळ्यात जास्त वेळ टायरवर घालवा. समृद्धीचा रस्ता काँक्रीटचा आहे. त्यावर तासन् तास एकाच वेगाने धावताना जुना टायर तापतो, आणि फुटला तर १२० च्या वेगाला फुटतो. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. खाच शिल्लक दिसली तरी वय विसरू नका. सेकंड हँड आलिशान गाडी कमी चाललेली असते, त्यामुळे रबर झिजण्याआधी म्हातारं होतं, आणि नागपूरच्या ४५ अंशांत उघड्यावर उभी राहिलेली असेल तर लवकरच होतं. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या किंवा डिझेल टाकीच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतो आणि भरलेल्या गाडीचा वेगळा असतो. पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच आकडा भरतो, त्याला अडवा. वाटेत तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा काढू नका.

यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते, रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झालं तरी साधारण ८० किलोमीटर, ८० च्या आत चालवत जाता येतं, असा त्यांचा हिशेब. समृद्धीवर दोन इंटरचेंजमधलं अंतर बघता तेवढं पुरतं. पुढे मेहकरला तुमच्या मापाचा टायर मिळेल, ही आशा सोडा. मागच्या मालकाने रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवले असतील, आणि अनेक जण राइड मऊ व्हावी म्हणून बसवतात, तर डिकीत पंक्चर किट आणि हवेचा पंप ठेवल्याशिवाय शहर सोडू नका.

बाकी सामान थोडं: कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं तयार कूलंट, एअर सस्पेन्शनच्या (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारं) कंप्रेसरचा रिले आणि फ्यूज, मोबाइलला जोडायचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र, आणि दुसरी चावी, पण ती दुसऱ्याच्या खिशात. डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावण, टाकीत किती उरलंय ते बघून घ्या. ते संपत आलं की गाडी किलोमीटरची उलटी मोजणी सुरू करते आणि शून्यावर एकदा बंद केली की पुन्हा सुरूच होऊ देत नाही. मात्र कॅन भरून घरात साठा करू नका. ३५ अंशांत ते सहा महिन्यांतच खराब होऊ लागतं, आणि आपल्याकडे गॅरेजमध्ये उन्हाळ्यात ३५ म्हणजे गारवा.

जानेवारीच्या शेवटी, तर्री पोहे पोटात घालून, आऊटर रिंग रोडने शिवमडक्याला, म्हणजे समृद्धी सुरू होतो तिथे, पोहोचलो. डिझेलची टाकी नागपुरातच भरा. महामार्गावर पंप आहेत, पण हवा तेव्हा समोर येत नाही, आणि टाकी पाव भागाच्या खाली गेली की बऱ्याच गाड्यांत डीपीएफची सफाई सुरूच होत नाही. खाण्याचीही आशा ठेवू नका. आम्ही घरची पुडाची वडी आणि संत्री घेतली होती.

वायफळचा टोलनाका ओलांडला आणि पुढच्या दोन तासांत कळलं की लोक या गाड्यांच्या मागे का लागतात. कारसाठी वेगमर्यादा १२० आहे. त्या वेगाला नववा गिअर आणि इंजिन मिनिटाला जेमतेम दीड हजार फेऱ्यांवर. शहरात लिटरला नऊ-दहा देणारी गाडी इथे सतराच्या पुढे गेली. काँक्रीटवर टायरचा गुंजारव तेवढा येतो, वाऱ्याचा आवाज नाहीच. पण इथेच धोका आहे. सरळ रस्ता, एकसारखं दृश्य आणि मेंदू सुन्न, याला महामार्ग संमोहन म्हणतात, आणि समृद्धीच्या अपघातांचा अभ्यास करताना आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेनेही त्यावर बोट ठेवलं होतं. लहान गाडी १२० ला थरथरते, ओरडते, तुम्हाला जागं ठेवते. ही गाडी गप्प असते. आकडा बघितला नाही तर १२० हे ७० वाटतं आणि १४० कधी झालं ते कळत नाही. क्रूझ लावून हात सैल सोडण्यापेक्षा तासाभराने इंटरचेंजजवळ थांबून दोन मिनिटं चाला. पहाटे निघत असाल तर कारंजा लाडच्या पट्ट्यात जास्त सावध राहा. काळविटांचं कारंजा-सोहोळ अभयारण्य त्याच बाजूला आहे. कुंपण आहे, पण कुंपण सगळ्या जनावरांना ठाऊक असतंच असं नाही.

गाळणं साफ करायला आलो होतो, त्याची एक युक्ती. नवव्या गिअरमध्ये इंजिन इतकं आरामात असतं की एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही. गिअर हाताने दोन घर खाली घ्यायचा, दोन हजारांच्या वर इंजिन ठेवायचं आणि वीसेक मिनिटं एकसारखं चालवायचं. स्कॅनरवर काजळीचा आकडा उतरताना दिसतो. सफाई चालू असताना गाडी बंद करू नका. अर्धवट राहिली की जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि असं वारंवार झालं की डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारे मालक मी पाहिले आहेत.

मेहकरला खाली उतरलात की दुसरी गाडी सुरू होते. लोणारपर्यंतचं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, पण गावागणिक स्पीड ब्रेकर, त्यातले काही गावकऱ्यांनी स्वखर्चाने उभारलेले. व्हीलबेस लांब असल्याने पुढची चाकं पार होतात आणि पोट टेकतं. सस्पेन्शन उंच करायचं बटण गावाच्या आधीच दाबा. ते वर यायला वेळ घेतं, आणि वेग वाढला की आपणहून परत खाली बसतं. उंचवटा तिरका घ्या, मागच्या बसवाल्याने कितीही हॉर्न मारला तरी. खड्ड्यात गाडी घालू नका, कारण या टायरच्या भिंती बुटक्या असतात आणि रिम वाकली की तिचा खर्च लोणारच्या मुक्कामाच्या कितीतरी पट.

लोणारबद्दल थोडक्यात सांगतो. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. खाली उतरायचं तर सकाळी लवकर. दुपारी चढताना दम निघतो. बाबा खाली आले नाहीत, काठावरच्या झऱ्याच्या धारेपाशी बसले. गावातलं दैत्यसूदन मंदिर मात्र त्यांनी मूर्ती न् मूर्ती थांबून पाहिलं, आणि मला वाटतं विवराइतकाच वेळ त्याला द्यायला हवा. घाईत येणारे नेमकं तेच गाळतात.

मुक्काम केला. सकाळी गाडी मागच्या डाव्या बाजूने बसलेली. रात्रीच्या गारठ्यात एअर सस्पेन्शनच्या फुग्यातून हवा हळूहळू निसटते, त्याची सुरुवात ही अशी दिसते. हवेचे फुगे रबराचे असतात आणि विदर्भाच्या उन्हाने त्यांना बारीक चिरा पडतात. अशा वेळी लगेच पहिल्या गिअरमध्ये निघू नये. इंजिन सुरू करून, दारं लावून, पातळी सरळ होईपर्यंत थांबायचं. शेजारी उभी असलेली दोन पोरं डोळे फाडून बघत होती. "अबे, गाडी उठून राह्यली!" एकाने दुसऱ्याला सांगितलं. बाबा इतके हसले की त्यांचा चहा सांडला. दोन-तीन मिनिटांत गाडी उठत नसेल किंवा कंप्रेसर सतत घरघरत असेल, तर पुढचा प्रवास रद्द करून फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, बोलवा. टो करताना चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खराब होतो.

परतताना सिंदखेड राजाला जाऊन लखुजी जाधवांचा वाडा, म्हणजे जिजाऊंचं जन्मस्थान पाहिलं. लोणारहून हे नागपूरच्या उलट दिशेला पडतं, पण तिथूनही समृद्धीवर चढता येतं, त्यामुळे वाकडी वाट महागात पडत नाही. १२ जानेवारीला मात्र गाडी घेऊन जाऊ नका, जिजाऊ जयंतीची गर्दी असते.

नागपुरात आल्यावर मेकॅनिकने साबणाचं पाणी मारून फुग्यातली गळती दाखवली. "एक गेला म्हंजे दुसरा बी रांगेत हाये," म्हणाला. जोडी बदलायची ठरवली. बाहेरच्या कंपनीचे फुगे अस्सल भागाच्या जवळपास निम्म्यात मिळतात. माझ्या मते फुगे बाहेरचे चालतील, कंप्रेसर अस्सलच घ्यावा. त्याच फेरीत गिअरबॉक्सचं ऑइलही बदलून घेतोय. ते जन्मभर चालतं असं विकणारे सांगतात, पण कित्येक जर्मन गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. माझ्यासारखी गाडी बघत असाल तर सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आधी हीच नोंद शोधा, आणि गाडी बघायला जाताना मालकाला सांगा की आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नका. बसलेली दिसली तर भाव तिथूनच सुरू करा.