मेल्यानंतरही काहीतरी गमावता आलं पाहिजे

किशोरवयीन मुलांना परलोकात नेणारी फॅन्टसी लिहायला घेतली की पहिल्याच पानावर गोची होते. साहसकथेतली सगळ्यात मोठी भीती मरणाची, आणि इथे पात्रं आधीच मेलेली. मग राक्षस आणा, काळी नदी आणा, वाचकाला धाकधूक वाटतच नाही. म्हणून त्या जगाचा नकाशा काढण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहावं: माझ्या नायिकेकडून अजून काय हिरावलं जाऊ शकतं? नाव, आठवणी, चेहरा, परतीची मुदत, सोबतचा मित्र. यातलं एकच घ्यावं. तीन-चार धोके एकदम घातले की कुठल्याच धोक्याला धार राहत नाही.

जुन्या कथांना हे पक्कं ठाऊक होतं. सुमेरियन (प्राचीन इराकमधल्या) पुराणकथेत इनान्ना देवी पाताळात उतरते तेव्हा सात दारं लागतात आणि प्रत्येक दाराशी तिच्या अंगावरची एकेक गोष्ट काढून घेतली जाते. कठोपनिषदातला नचिकेता तीन रात्री यमाच्या घरी उपाशी थांबतो, त्या बदल्यात त्याला तीन वर मिळतात. म्हणजे यमसुद्धा हिशेबाला बांधलेला! अलीकडच्या पुस्तकांत गॅब्रिएल झेव्हिन यांच्या ‘एल्सव्हेअर’मध्ये (२००५) मेलेल्यांचं वय उलटं सरकतं, त्यामुळे पंधरा वर्षांची लिझ कधीच सोळाची होणार नसते. नील शस्टरमन यांच्या ‘एव्हरलॉस्ट’मध्ये (२००६) जिवंतांच्या जमिनीवर एका जागी थांबलात की पाय खाली रुतायला लागतात. हा नियम मला फार आवडतो, कारण तो समजावून सांगावा लागत नाही. पात्र नुसतं गप्पा मारत उभं राहिलं तरी तो दिसतो.

नियम कसा तासायचा, ते एका उदाहरणात बघू. समजा, मेलेल्या मुलीला जिवंतांच्या घरातल्या वस्तूला हात लावता येतो, पण दर स्पर्शाला तिची एक आठवण जाते. ऐकायला छान, पण लगेच भोक दिसतं: कुठली आठवण जाणार हे तिनेच ठरवलं, तर ती बिनकामाच्या आठवणी देत सुटेल आणि किंमत फुकटात जमा. म्हणून नियम आवळायचा. ज्या वस्तूला हात लावला, त्याच वस्तूशी जोडलेली आठवण जाते. आता भावाची सायकल रस्त्यातून बाजूला ढकलायची, तर त्याने सायकल शिकवली ती संध्याकाळ कायमची पुसली जाणार. आता तिला निवड करावी लागते, आणि प्रसंग उभा राहतो.

पण इथेच निवेदनाची पंचाईत होते. ‘मी’ने सांगितलेली आणि भूतकाळात लिहिलेली कथा असेल, तर विसरलेली गोष्ट ती सांगेल कशी? ‘मी ते विसरले’ असं तिने म्हटलं की सगळा खेळ खलास. निवेदन वर्तमानकाळात ठेवावं. तिसऱ्या प्रकरणात ती संध्याकाळ जिव्हाळ्याने येऊ द्यावी आणि अकराव्या प्रकरणात तीच सायकल तिने परक्यासारखी बघावी: ‘कुणाची तरी निळी सायकल, घंटी तुटलेली.’ बाकी काही लिहू नये. वाचकाला बरोबर कळतं.

शरीराचे प्रश्न आधीच सोडवून टाकावेत: भूक लागते का, झोप येते का, जखम होते का, भिंतीतून जाता येत असेल तर जमिनीतून का पडत नाही. यांची उत्तरं कथेत सांगायची गरज नसते, पण लेखकाकडे नसली की विसंगती हमखास शिरते. काळाचंही तसंच. इथला एक दिवस म्हणजे तिथले किती, हा आकडा एकदा ठरला की बदलू नये.

वयाचा मुद्दा मात्र बहुतेक जण सोडून देतात. सोळाव्या वर्षी मेलेला मुलगा ऐंशी वर्षं तिथेच असेल तर तो सोळाचा की शहाण्णवचा? त्याची कालच आलेल्या मुलीशी प्रेमकथा जुळवली तर ती खटकते, आणि खटकायलाच हवी. एकतर त्या जगात मनही वयाबरोबर थांबतं असं ठरवा, नाहीतर दोघांच्या मृत्यूंमध्ये जेमतेम काही महिन्यांचं अंतर ठेवा.

पात्राचा मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर जास्तच जपून. पद्धतीचं वर्णन नको, परलोक हे सुटकेचं किंवा बक्षिसाचं ठिकाण नको, आणि मागे राहिलेल्यांचा पश्चात्ताप हा सूड उगवल्यासारखा रंगवणं तर अजिबात नको. वाचणाऱ्यांत त्याच वयाची, त्याच दुःखातून जाणारी मुलं असतात.

शेवटी नायिकेला जिवंत करून घरी पाठवायचा मोह होतो. पाठवायचंच असेल, तर आधी गेलेलं काहीही परत देऊ नका. ती घरी येईल, भाऊ सायकल घेऊन दारात उभा असेल आणि ‘आठवतं का?’ विचारेल. तिच्याकडे उत्तर नसेल.