हँडल फिरतं, हेड मात्र जागेवर: कोरीव मशीनच्या झेड अक्षाची फेरजोडणी

मशीन घरी बांधलेलं. झेड अक्ष म्हणजे कोरणारं हेड वर-खाली नेणारा भाग. ट्रिम राउटर (लाकूड कोरणारं हातातलं छोटं यंत्र), मागे 12 मिमीचे दोन गुळगुळीत रॉड, त्यांवर लिनिअर बेअरिंगची कॅरेज, मधे 8 मिमीचा लीडस्क्रू (फिरवला की कॅरेजवरच्या नटाला वर-खाली नेणारा आटेदार दांडा) आणि डोक्यावर हाताने फिरवायचं हँडल. राउटर, त्याची प्लेट आणि कॅरेज, म्हणजे हेड, मिळून साधारण 3 किलो वजन या स्क्रूवर लटकतं. तक्रारी तीन: हँडल मधेच पाव फेरा रिकामं फिरतं, लावलेली खोली कोरता कोरता वाढत जाते, आणि खालच्या 30 मिमीत हँडल जड होतं.

काही खोलण्याआधी मार्कर घेतला. हँडलच्या बॉसवरून (स्क्रूवर बसणाऱ्या मधल्या जाड भागावरून) स्क्रूच्या टोकावर एकच सरळ रेघ ओढली, दुसरी रेघ वरच्या प्लेटलगत स्क्रूवर आडवी. वर-खाली दहा फेरे मारल्यावर पहिली रेघ तुटली, म्हणजे हँडल स्क्रूवर सरकतंय. दुसरी रेघ प्लेटच्या आत गेली, म्हणजे अख्खा स्क्रूच खाली उतरतोय. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, आणि ती न करता नवं हँडल मागवणारे बरेच असतात.

हँडल काढल्यावर पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं. वरच्या प्लेटवर कॉलर, म्हणजे स्क्रूवर आवळायची कडी, नव्हताच. हँडलचा बॉस थेट बेअरिंगच्या आतल्या रिंगवर टेकलेला, म्हणजे फिरवायचं काम आणि 3 किलो पेलायचं काम एकट्या एम4 ग्रब स्क्रूकडे (बाजूने आत आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू). तोही आट्यांवर आवळलेला. आट्याचे कंगोरे चेपतात, ग्रबचं टोक ढिलं पडतं, आणखी आवळलं की आणखी चेपतात. चेपलेल्या जागी बर (धातूची वर आलेली कड) येतो, त्यामुळे हँडल उपसून निघत नाही. हातोडी मारू नका, ग्रबच्या छिद्रातून पातळ तेल सोडा आणि फिरवत फिरवत काढा.

खोलताना क्रम महत्त्वाचा. राउटरचा प्लग काढा, बिट काढा, आणि कॅरेजखाली लाकडी ठोकळा ठेवा. स्क्रू मोकळा झाला की हेड सरळ खाली येतं, आणि खाली बोटं असतात.

स्क्रू हातात आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. टोकाकडून पाहिलं तर आट्यांची चार तोंडं. म्हणजे टीआर8 चा चार आट्यांचा प्रकार: पिच (शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर) 2 मिमी, पण एका फेऱ्यात हेड 8 मिमी जातं. मोटरवर हा ठीक, कारण मोटर धरून ठेवते. हाताच्या हँडलवर नाही. त्याच्या आट्याचा उतार जवळपास 20 अंश, म्हणून वजनाने नट स्वतःच स्क्रू फिरवत खाली येतो. एकेरी आट्याच्या 2 मिमीवाल्या स्क्रूचा उतार 5 अंशांच्या आसपास. तिथे घर्षणच हेड अडवून धरतं. स्क्रू आणि नट दोन्ही बदलले. नट जुनाच ठेवून फक्त स्क्रू बदलता येत नाही, आटे जुळत नाहीत. एका फेऱ्याला 2 मिमी झाल्यामुळे हँडलखाली 40 खुणांची पट्टी चिकटवता आली, दर खुणेला 0.05 मिमी.

नव्या स्क्रूचं वरचं टोक लेथवर 25 मिमी लांब आणि 5 मिमी व्यासाचं खरादून घेतलं. आट्यांच्या तळाशी व्यास 5.5 मिमी असतो, त्यामुळे 5 वर स्वच्छ गोल मिळतो. त्यावर कानशीने अर्धा मिमी चपटा भाग काढला, ग्रब बरोबर त्याच्यावर बसतो. उद्या मोटर लावायची झालीच, तर टोक 5 मिमीचं असल्याने बाजारातलं साधं कपलिंग चालतं.

आता जोडणी. वरच्या प्लेटवर 8 बाय 16 बाय 5 मिमीचं थ्रस्ट बेअरिंग (उभा भार पेलणारं), खोबण असलेल्या बाजू गोळ्यांकडे. त्याच्यावर क्लॅम्प कॉलर (स्क्रूला सगळ्या बाजूंनी आवळणारा). ग्रबवाला कॉलर नको, तो पुन्हा आटे चेपतो. प्लेटखाली पातळ नायलॉन वॉशर आणि दुसरा कॉलर. खालचा कॉलर बोटाने वर दाबून धरायचा आणि मगच आवळायचा. हँडल अजून लावलेलं नाही, तरी स्क्रू आता वर-खाली हलता कामा नये आणि बोटांनी सहज फिरला पाहिजे. हँडल शेवटी, कॉलरपासून 1 मिमी वर, कशालाही न टेकता. ग्रबला थिनरने पुसून निळं थ्रेडलॉकर (आटे ढिले पडू न देणारा गोंद), एकच थेंब.

स्क्रूचं खालचं टोक 608 बेअरिंगमध्ये नुसतं सरकतं बसवायचं. दोन्ही टोकं घट्ट केली की प्लेटमधला लहानसा फरकही स्क्रूला वाकवतो.

तिसरी तक्रार मात्र स्क्रूची नव्हतीच. नटाची छिद्रं आणि स्क्रूची रेषा जुळत नव्हती. हेड वर असताना स्क्रूचा लांब भाग मोकळा असल्याने तो वाकून घेतो, खालच्या आधाराजवळ आल्यावर वाकायला जागा उरत नाही. पितळी नटाचं अंग 10.2 मिमी, म्हणून ब्रॅकेटचं छिद्र 11 केलं. चारही एम3 स्क्रू ढिले ठेवून हेड अगदी खाली नेलं, नट आपली जागा शोधतो, मग कर्णाकर्णाने आवळले. वर नेऊन पुन्हा पाहिलं. वरती जड लागलं तर दोष रॉडच्या समांतरपणात. व्हर्नियरने रॉडमधलं अंतर वर, मधे आणि खाली मोजा.

वंगणाबद्दल वाद होतील, पण स्क्रूवर जाड ग्रीस नकोच. एमडीएफची पूड त्यात बसली की घासपट्टीचा लगदा होतो. कापडाने पुसून पातळ तेलाचा हात पुरे; पावसाळ्यात दर आठवड्याला, नाहीतर साध्या स्टीलचा स्क्रू तांबूस पडतो.

एक गोंधळ होणारच: उजव्या आट्याच्या स्क्रूवर हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवलं की हेड वर जातं. पट्टीवर बाण काढून ठेवा. खोली लावताना हेड आधी अर्धा मिमी वर घेऊन मग खाली आणायचं, म्हणजे नटातली ढिलाई नेहमी एकाच बाजूला राहते. वर ओढणारा स्पायरल बिट लाकडात स्वतःला खाली खेचतो, त्यामुळे राहिलेली ढिलाई तो लगेच पकडतो.

डायलवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळी गेजवर) आधी 0.40 मिमी खेळ होता, आता 0.08. थरथराटाने एकेरी आट्याचा स्क्रूही हळूहळू सरकू शकतो, म्हणून कॅरेजच्या कडेला एम6 चा नॉब आणि पितळी गोळी लावून रॉडवर लॉक करायचं बाकी आहे. तोवर सागवानात 1 मिमीपेक्षा खोल पास (एका वेळचा काप) नाही, आणि दर तासाने मार्करच्या रेघेवर नजर.