पाढे पाठ आहेत, मग गुणाकार का चुकतो?

“बाई, वीसपर्यंतचे पाढे धडाधड म्हणतो, मग ३४ गुणिले २७ कसं चुकतं? आणि तुम्ही ते चौकोन कशाला काढायला लावता? आम्ही तर फुली मारून झटकन करायचो.” चौथीचा वर्ग घेतला की पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चूकच बघू. ३४ × २७ चं उत्तर मुलं हमखास ३०६ आणतात. सात चोक अठ्ठावीस, आठ लिहिले, हातचे दोन. सात त्रिक एकवीस आणि दोन तेवीस. झाले २३८. खालची ओळ, बे चोक आठ, बे त्रिक सहा. ६८. हे ६८ सरळ २३८ च्या खाली, एककाखाली एकक, आणि बेरीज ३०६. आता यात पाढा कुठे चुकलाय? बेरीजही चोख आहे. घोळ आहे तो २७ मधल्या २ चा. तो दोन नाहीच, वीस आहे. मुलानं सातपट केली आणि त्यात दुप्पट मिळवली, म्हणजे ३४ ला २७ ऐवजी ९ नं गुणलं. करून बघा, ३४ नव्वे ३०६ च येतात.

आपण “दुसऱ्या ओळीत फुली मार” एवढंच सांगतो. का मारायची, ते सांगायचं राहून जातं. मग ज्या दिवशी फुली विसरते त्या दिवशी गणित गेलं, आणि गेलंय हे पोराला कळतही नाही.

म्हणून चौकोन. मी चौकटीची वही घेते. आडव्या ३४ चौकटी, उभ्या २७, असा आयत आखायचा. आतल्या सगळ्या चौकटी म्हणजे आपलं उत्तर. एक एक मोजायला कोणीच तयार नसतं, ते बरंच आहे. मग आडव्या बाजूला ३० वर आणि उभ्या बाजूला २० वर पेन्सिलनं रेघ ओढायची. चार तुकडे पडतात: ३० × २०, ४ × २०, ३० × ७ आणि ४ × ७. म्हणजे ६००, ८०, २१० आणि २८. बेरीज ९१८.

इथे मी घाई करत नाही. तीस गुणिले वीस विचारलं की मुलं म्हणतात, “तीन दुणे सहा, पुढे दोन शून्यं लावायची.” उत्तर बरोबर, पण ती शून्यं आली कुठून? मग त्या मोठ्या तुकड्यातच दहा बाय दहाचे चौकोन आखायला सांगते. आडवे तीन, खाली दोन, असे बरोबर सहा बसतात. प्रत्येकात शंभर चौकटी. दशकाला दशकानं गुणलं की शतक होतं, हे तिथे वहीत दिसतं. एखादी मुलगी तेवढ्यात म्हणतेच, “बाई, मग ३०६ कसं येईल? नुसता हा तुकडाच सहाशेचा आहे!”

त्यानंतर वरच्या पट्टीतले ६०० आणि ८० मिळवा, ६८०. खालच्या पट्टीतले २१० आणि २८, २३८. उभ्या मांडणीतल्या याच तर दोन ओळी. तुमची ती फुली म्हणजे ६८० मधलं शून्य. हे एकदा जुळलं की मी चौकोन सोडायला लावते. तीन अंकी गुणिले तीन अंकीला नऊ खण आखत बसणं म्हणजे नुसती वही भरणं. तिथे उभी मांडणीच हवी. ३०६ × २४ सारख्या गणिताला मात्र काही दिवस खण ठेवते, कारण मधलं शून्य गिळून ३६ × २४ करणारी मुलं दरवर्षी असतात. ८६४ उत्तर आणतात, खरं उत्तर ७३४४.

हे नवीन फॅड आहे असं एका बाबांचं म्हणणं होतं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त १३५ गुणिले १२ हे उदाहरण घातलंय, तेही ११५० च्या सुमारास. ते १२ चे आठ आणि चार करतात, दहा आणि दोन करतात, वीसपटीतून आठपट वजाही करतात. उत्तर दर वेळी १६२०. आणि घरात तिसापर्यंत पाढे येणारे आजोबा असतील तर त्यांना ३४ × २७ तोंडी विचारा. सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी, म्हणजे तिसांचे आठशे दहा, वरच्या चारांचे एकशे आठ, नऊशे अठरा. कागद न घेता त्यांनी ३४ फोडलेच की. वैदिक गणिताचे क्लास लावणाऱ्यांना एवढंच सांगते, हे फोडणं जमल्यावर लावा.

घरी करण्यासारखं एकच. मांडणी करायच्या आधी विचारा, “साधारण किती येईल?” तिसाला विसानं गुणून सहाशेच्या वर जाणार, एवढं तोंडी सांगू दे, मगच पेन्सिल हातात द्या. आणि पाढे बंद करू नका. नऊ सत्ते किती इथे अडलं, तर चौकोनातला खणही रिकामाच राहतो. दहापर्यंतचे पक्के असले तरी माझं काम भागतं. वीसपर्यंतचे येत असतील तर उत्तमच.